वाचनालयाची नवी बिल्डिंग होतेय, तळमजला कुणाला द्यायचा?

नवखा_चिटणीस

नमस्कार मंडळी, धागा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे, शंभरी ओलांडलेलं, सरकारी अनुदानाच्या श्रेणीत 'ब' वर्ग. कौलारू इमारत, पुढे ओसरी, मागे पुस्तकांची खोली. आता ती उतरवावीच लागणार, कारण वासे वाळवीनं खाल्लेत आणि मागची भिंत पावसाळ्यात हात लावला की ओली लागते. पैसे थोडे देणग्यांचे, थोडे आमदार फंडातून कबूल झालेत, बाकी सभासदांकडून. मी कार्यकारिणीत वयानं सगळ्यात लहान त्यामुळे "तू ते नेटवर बघ जरा" हे खातं माझ्याकडे आलंय.

आलेला प्लॅन असा : तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूनं ओळीनं गाळे, भाडं येईल म्हणून. पहिल्या मजल्यावर हॉल, साखरपुडे बारशी आणि वर्षातून एकदा व्याख्यानमाला. दुसऱ्या मजल्यावर वाचनालय. बेसमेंटमध्ये स्पर्धा परीक्षेवाल्यांची अभ्यासिका. दर्शनी बाजूला वरपासून खालपर्यंत निळी काच आणि एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पॅनेल). लिफ्ट 'फेज टू' मध्ये.

आता आमचे रोजचे वाचक म्हणजे सकाळी पेपरला येणारे रिटायर्ड लोक, त्यातल्या बऱ्याच जणांच्या गुडघ्यांची बोंब. ते दुसरा मजला चढणारेत का? मी मीटिंगमध्ये बोललो तर अध्यक्ष म्हणाले की अनुदानात लाइटबिल आणि पगार भागत नाही, गाळे नसले तर वाचनालय कशावर चालवू, तू चालवतोस का. आणि त्यांचं खोटं पण नाही हो. म्हणून विचारतोय, तळमजला कुणाचा?

आरसीसी_काका

सगळ्यात आधी बेसमेंटमधली अभ्यासिका रद्द करा मग बाकीचं बोलू. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरला कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि यूपीएससीची तीन मुलं गेली, त्या तळघराला परवानगी स्टोअर-पार्किंगची होती आणि आत चालवत होते लायब्ररी. तालुक्याच्या गावात गटारांची काय अवस्था असते ते मी सांगायला नको.

आता वजन. घराचा स्लॅब आपण चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून डिझाइन करतो. पुस्तकांच्या स्टॅक रूमला आयएस ८७५ भाग २ मध्ये (इमारतीवर भार किती धरायचा त्याचं भारतीय मानक) ६ किलोन्यूटन सांगितलंय, म्हणजे ढोबळ ६०० किलो, तेही २.२ मीटर उंचीपर्यंतच, त्याच्यावर दर मीटरला आणखी २०० वाढवायचे. नुसती बसून वाचायची खोली असेल तर ३००. हलत्या खुर्च्यांच्या हॉलला ५००. आता तुमचा प्लॅन बघा, सगळ्यात जड सामान सगळ्यात वर आणि खाली गाळ्यांमुळे भिंती नाहीत, नुसती शटरं. म्हणजे खालचा मजला लेचापेचा आणि डोक्यावर ग्रंथसंपदा. २००१ च्या भूकंपात अहमदाबादला ज्या बिल्डिंगी बसल्या त्यातल्या कितीतरी अशाच, खाली मोकळं पार्किंग आणि वर भरलेले मजले. डिझाइन करून हे सगळं जमवता येतं, येत नाही असं नाही, पण त्याचा स्टीलचा खर्च अध्यक्षांना कुणी सांगितलाय का ते विचारा.

ता. क. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत एक दंतकथा सांगतात की आमची लायब्ररी दरवर्षी थोडी थोडी खचतेय कारण आर्किटेक्ट पुस्तकांचं वजन धरायलाच विसरला. इंडियाना युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीची तर फार फेमस आहे. साफ खोटी, पण दर पिढीला कुणीतरी नव्यानं सांगतोच.

खिडकीतली_सीट

काका +१. बेसमेंटवर तर डबल.

आर्किटेक्चरला आहे, शेवटचं वर्ष, म्हणून मध्ये तोंड घालतेय. गाळे-हॉल-लायब्ररी हे सॅंडविच महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी दिसतं की एकच ड्रॉइंग झेरॉक्स करून वाटलं असावं असं वाटतं. कोपरगावची लायब्ररी बघा एकदा, माया सोमय्या लायब्ररी, शाळेच्या आवारात आहे, २०१८ ची, समीप पडोरांच्या ऑफिसनं केलेली. विटांच्या पातळ चपट्या टाइलचे थर एकावर एक चिकटवून वळवलेलं छप्पर, स्पेनमधली जुनी कॅटलान पद्धत, स्टील जवळजवळ नाहीच, आकारच सगळं वजन पेलतो. पण मला त्याच्यापेक्षा भारी काय वाटतं तर ती ठेवलीय कुठे. शाळेच्या इमारती आणि कंपाउंड यांच्या मधल्या पट्ट्यात, पोरांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच, आणि छप्पर जमिनीपासून उचललं जातं आणि परत जमिनीला टेकतं त्यामुळे पोरं एकतर लायब्ररीतून जातात नाहीतर लायब्ररीवरून जातात. ग्रंथालयात 'जावं' लागत नाही, ते मध्येच येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या लायब्ररीत ठरवून जावं लागतं, आणि ठरवून जाणारा माणूस तसाही आलाच असता, आपल्याला तर न ठरवलेला हवाय ना.

कट्ट्यावरचा_नाना

छान आहे पण छपरावर पोरं नाचणार तर गळणार कधी ते सांगा.

खिडकीतली_सीट

नाना तुम्ही प्रत्येक धाग्यावर गळतीच का काढता :))

कट्ट्यावरचा_नाना

कारण प्रत्येक बिल्डिंग गळते. आर्किटेक्टच्या फोटोत ऊन असतं, आमच्या नशिबात जुलै असतो.

हेलसिंकीकर

खिडकीतली_सीट यांच्या मुद्द्याला जरा छेद देतो. मी इथे फिनलंडमध्ये हेलसिंकीला आलो तेव्हापासून इथल्या ऊडी लायब्ररीत पडीक असतो, डिसेंबर २०१८ मध्ये उघडली, एएलए आर्किटेक्ट्स. संसदेच्या बरोब्बर समोर, मुद्दाम, की इकडे सरकार आणि तिकडे जनता. आणि गंमत म्हणजे तिचा तळमजला जवळपास बिनपुस्तकाचा आहे. खाली मोकळा मोठा हॉल, कॅफे, सिनेमाचं थिएटर. मधल्या मजल्यावर शिलाई मशीनं, थ्रीडी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या. पुस्तकं सगळ्यात वरती, आणि सतरा हजार चौरस मीटरच्या इमारतीत पुस्तकं किती तर साधारण एक लाख. बाकी इतर शाखांतनं फिरत येतात.

म्हणजे पुस्तकं वर असणं हे पाप नाही. प्रश्न खाली काय आहे हा आहे. इथे खालच्या मजल्यावर कुणीही घुसतं, बाहेर उणे पंधरा असतं तेव्हा नुसतं ऊब घ्यायला येतात, कुणी काय विकत घ्या म्हणत नाही, सही मागत नाही, आणि समोरच सरकता जिना दिसतो मग माणूस आपसूक वर जातो. गाळ्यांत तसं होत नाही ना, मोबाइल रिपेअरिंगचं शटर आणि झेरॉक्सचं शटर यांच्या मधून अंधारा जिना वर जातो, तिथे वर लायब्ररी आहे हे बोर्ड वाचल्याशिवाय कळतच नाही.

आणि हो, वर जायला लिफ्ट पहिल्या दिवसापासून होती. 'फेज टू' नव्हती.

नवखा_चिटणीस

'फेज टू' वर मी पण हसलो आणि मग रडू आलं.

पण हेलसिंकीकर, तिकडे ग्रंथालय चालवणं ही नगरपालिकेची कायद्यानं जबाबदारी आहे, पैसा सरकारचा. आमच्याकडे १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, पण इमारत आमची आम्ही बघायची. म्हणून गाळ्यांचा मुद्दा सुटत नाही.

पेठेतला_पाचवा_अटेम्प्ट

बेसमेंट अभ्यासिकेत दोन वर्षं काढलेला माणूस बोलतोय, ऐका. आम्हाला काय लागतं तर टेबल बऱ्यापैकी रुंद, पाठ टेकेल अशी खुर्ची, प्रत्येक सीटला प्लग, चोवीस तास नाही तरी रात्री अकरापर्यंत दार उघडं, पिण्याचं पाणी, आणि संडास चालू अवस्थेत. बस. एसी नसला तरी चालतो पण पंखा असा हवा की पानं उडणार नाहीत, हे कुणी लक्षातच घेत नाही, टेबलाच्या बरोबर डोक्यावर पंखा लावतात आणि आम्ही चार्जर-बाटल्या ठेवून कागद दाबतो. पोरींना वेगळं टॉयलेट आणि त्याच्या वाटेवर लाइट, नाहीतर संध्याकाळी सातला त्या उठून जातात आणि मग म्हणायचं मुली येत नाहीत.

पण एक सांगतो, आम्हाला आणि पेपर वाचणाऱ्या आजोबांना एका खोलीत ठेवू नका. आजोबा पेपर मोठ्यानं दुमडतात आणि एकमेकांना बातम्या वाचून दाखवतात, त्यांचा हक्कच आहे तो. आम्ही 'श्शू' केलं की भांडण. चेन्नईला अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे ना, २०१० मध्ये उघडलेलं, कोट्टूरपुरमला, तिथे स्वतःची पुस्तकं आणून वाचणाऱ्यांसाठी सेपरेट विभाग ठेवलाय. माझा रूममेट तिथे बसायचा. म्हणजे त्यांनी मान्य केलं की अर्ध्या लोकांना लायब्ररीची पुस्तकं नकोत, जागा हवीय. आपल्याकडे अजून कमिट्या त्याचा राग मानतात.

कार्ड_कॅटलॉग

मी ग्रंथपाल आहे, तालुक्यातच, आणि हा शेवटचा प्रतिसाद वाचून जरा बरं वाटलं, जरा टोचलंही. राग पुस्तकं न घेणाऱ्या मुलांचा नाही रे बाबा, राग याचा की इमारतीचा नकाशा ठरतो तेव्हा ग्रंथपालाला कुणी बोलावत नाही. आम्हाला एकदम उद्घाटनाला बोलावतात, हार आणायला.

चिटणीस, आता ऐका कामाचं. स्टाफ किती तुमच्याकडे? एक ग्रंथपाल, एक शिपाई, फार तर एक लिपिक. म्हणजे देवघेवीच्या काउंटरवरून दार, पेपरची टेबलं, मुलांचा कोपरा आणि जिना एका नजरेत दिसायला पाहिजे. तीन मजल्यांवर विभाग वाटले की दोन मजले बंदच राहतात, हे मी लिहून देते. उंच फोटोजेनिक बिल्डिंगपेक्षा बसकी पसरलेली बरी.

रॅक खिडकीच्या भिंतीला काटकोनात लावा, मग दोन रॅकच्या मधल्या बोळात उजेड शिरतो. रॅक खिडकीला समांतर लावले की पहिल्या रॅकनं उजेड अडवला, पुढे सगळा अंधार. ट्यूबा मात्र रॅकला आडव्या लावायच्या, म्हणजे उद्या रॅक सरकवले तरी लाइट चुकत नाही. पश्चिमेला पुस्तकं नकोत, दुपारचं ऊन पाठी पांढऱ्या करतं, आमच्याकडे एका रॅकवरच्या सगळ्या कादंबऱ्या एकाच फिकट रंगाच्या झाल्यात. भिंतीला रॅक चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर.

मुलांचा विभाग तळमजल्यावर, आवाज झाला तरी चालेल असा, आणि शक्यतो आयांना बसायला जागा ठेवा. आई बसली की मूल तासभर बसतं, आई बाहेर स्कूटरवर ताटकळत असली की पाच मिनिटांत "चल लवकर".

सगळं_मोबाइलवर

एवढा खर्च करून २०२५ नंतर लायब्ररी बांधताय? पोरं पीडीएफ वाचतात. त्यापेक्षा जिम काढा.

पेठेतला_पाचवा_अटेम्प्ट

पीडीएफ वाचायला पण बसायला जागा लागते भाऊ. आमच्या खोलीत सहा जण राहतात.

फोर्टातला_फिरस्ता

चर्चा मस्त रंगलीय. माझे दोन आणे मुंबईचे.

एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे तो टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला, दारापर्यंत तीस पायऱ्या. इमारत बांधणाऱ्यांच्या डोक्यात रुबाब होता, सामान्य माणूस बहुतेक नव्हताच. पण गेली कित्येक वर्षं त्या इमारतीचा सगळ्यात सार्वजनिक भाग कुठला तर त्या पायऱ्याच. ऑफिसातली माणसं डबा खातात, कॉलेजची पोरं फोटो काढतात, जोडपी बसतात. आत सभासद, बाहेर शहर. आणि गुडघे दुखणाऱ्याला त्याच पायऱ्या म्हणजे भिंत. एकच गोष्ट कुणाला बैठक आणि कुणाला अडसर.

जरा पुढे काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी, १८७०. समोरच्या गॅलरीत लांब हातांच्या आरामखुर्च्या, मागे बाग. तिथे वाचणाऱ्यांइतकेच डुलकी काढणारे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. भर फोर्टात पैसे न टाकता पाठ टेकायला दुसरी जागा दाखवा.

राजाबाई टॉवरखालची विद्यापीठाची लायब्ररी तिसरीच तऱ्हा. १८७८ ची, गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज आर्किटेक्टनं लंडनमध्ये बसून काढलेली, बाबा मुंबईला आलाच नाही कधी. पैसे प्रेमचंद रायचंदांचे. रंगीत काचांतून येणारा उजेड बघून कुणाचंही डोकं फिरेल, पण तो उजेड बघायचा आहे, त्यात बारीक टायपातलं पुस्तक वाचायचं म्हणजे वेगळा चष्मा लागेल. चिटणीससाहेब, म्हणून म्हणतो निळी काच नको.

खिडकीतली_सीट

उजेडावरून आर्किटेक्ट लुई कानची एक्सेटरची लायब्ररी आठवलीच पाहिजे. अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधली शाळा, १९७२. कानचं म्हणणं साधं, पुस्तक हातात घेतलेला माणूस उजेडाकडे जातो. म्हणून त्यानं पुस्तकं आतल्या अंधाऱ्या भागात ठेवली आणि बाहेरच्या कडेला, विटांच्या भिंतीत, एकेका मुलासाठी लाकडी बैठक केली. डोक्यावर मोठी काच, तिच्यातून उजेड, आणि डोळ्यांच्या उंचीला छोटी खिडकी लाकडी झडपेची. एकटं राहायचं तर झडप लावा, कंटाळा आला तर उघडून बाहेर बघा. माझा आयडी तिथूनच आलाय, कळलं असेल.

तोच कान आपल्याकडे आयआयएम अहमदाबादला. तिथली विक्रम साराभाई लायब्ररी वाईट अवस्थेत गेली होती, विटांत पाणी मुरून. मग ब्रिंदा सोमाया यांच्या ऑफिसनं नीट दुरुस्त केली, २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि २०२० च्या डिसेंबरात त्याच संस्थेनं तिथली कानची वसतिगृहं पाडायची ठरवली, जगभरातून ओरड झाली तेव्हा काही दिवसांत माघार घेतली. नंतर परत विषय निघालाच.

कट्ट्यावरचा_नाना

बघा, गळतीच निघाली शेवटी.

वऱ्हाडी_ठोकळा

कॅम्पसच्या लायब्ररीची उदाहरणं इथं चालत नाहीत हे माझं मत आहे, पटो न पटो. कॅम्पसवर पोरगं जाईल कुठं? त्याला सबमिशन आहे, हॉस्टेलात पंखा बंद आहे, तो येणारच. अच्युत कानविंदेंनी आयआयटी कानपूर केलं, आचऱ्याचा माणूस बरं का, आपल्या कोकणातला, हार्वर्डला ग्रोपिअस या बड्या आर्किटेक्टकडे शिकून आलेला. त्यांनी लायब्ररी मधोमध ठेवली आणि सगळ्या इमारती वरच्यावर झाकलेल्या पुलांनी जोडल्या, ऊनपावसात चालता यावं म्हणून. झकास काम आहे, लायब्ररीला नाव पण आपल्या केळकरांचं, पहिल्या डायरेक्टरांचं. पण तिथं वर्तुळाचा मध्य हाती होता, सगळी जमीन एका संस्थेची. तालुक्याच्या गावात मधोमध काय असते? एसटी स्टँड. आणि वाचनालयाला प्लॉट भेटला असते तिकडं तहसीलच्या मागं. मग लोक येण्यासाठी बिल्डिंगलाच काहीतरी करावं लागते.

फोर्टातला_फिरस्ता

ठोकळाशेठ, अर्धं पटलं. पण कॅम्पसवाल्यांकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, खोल्यांच्या मधली जागा. पुण्यातलं आयुका बघा, खगोलशास्त्राची संस्था, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. ग्रहताऱ्यांचे संदर्भ, फूकोचा लंबक, आर्यभट-गॅलिलिओ-न्यूटन-आइन्स्टाइन यांचे पुतळे हे सगळं आहेच, त्यावरच सगळे लेख लिहितात. पण मधलं ते पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, उघड्या आभाळाखालचं, ते काही विशिष्ट कामासाठी नाही आणि म्हणून सगळ्या कामांना येतं. किंवा आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं आयआयएम बंगलोर, दगडी लांबलचक कॉरिडॉर, कुठे वर पर्गोला (पट्ट्यापट्ट्यांचा मांडव) कुठे मोकळं, आणि वाटेत बसायच्या जागा. दोशी जन्मानं पुणेकर, हे पण सांगून ठेवतो. ग्रामपंचायतीच्या बजेटमध्येही कॉरिडॉर दोन फूट रुंद करून कडेला ओटा बांधता येतो. नकाशात तो 'वाया गेलेला एरिया' म्हणून पहिला कापतात.

मांडवीकाठ

पणजीहून. कोरियांचा विषय निघालाच आहे तर कला अकादमी. रस्त्यावरून आत शिरायला दारच नाही म्हणा ना, पर्गोलाखालून चालत चालत माणूस थेट मांडवीच्या काठाला निघतो. नाटकाचं तिकीट नसलेला माणूस पण त्या इमारतीतून जातो, पायऱ्यांवर बसतो, भिंतीवरची चित्रं बघतो. चिटणीसांना मी एवढंच म्हणेन की तुमच्या बिल्डिंगमधून आरपार जाता आलं पाहिजे, पुढच्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत.

आणि नानांना खूश करायला : जुलै २०२३ मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं, दुरुस्तीचं काम चालू असतानाच. रात्रीची वेळ, कुणाला लागलं नाही. दमट हवा आणि लोखंड-काँक्रीट हे जमत नाही फारसं, दर काही वर्षांनी हात फिरवावा लागतो आणि त्याला बजेटमध्ये ओळ नसते.

हेलसिंकीकर

छपरावरून आठवलं, आल्वार आल्टो या फिनिश आर्किटेक्टनं व्हीपुरीला १९३५ मध्ये लायब्ररी केली, तेव्हा ते फिनलंडमध्ये होतं, आता रशियात आहे. वाचन कक्षाच्या छपराला गोल गोल शंकूच्या आकाराची झरोकी, उजेड सगळीकडून पसरून येतो त्यामुळे पुस्तकावर हाताची सावली पडत नाही. छोट्या लायब्ररीला भारी आयडिया आहे.

मांडवीकाठ

जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाठवा तुमच्या आल्टोला.

कट्ट्यावरचा_नाना

मांडवीकाठ, तुम्हाला एक चहा माझ्याकडून.

आरसीसी_काका

स्लॅबला भोकं नकोत. वरून उजेड हवाच असेल तर छपराला मध्ये उंची द्या आणि उत्तरेकडे उभी खिडकी काढा, जुन्या गिरण्यांना असायची तशी. पाऊस नैऋत्येकडून येतो, उत्तरेला मार कमी आणि थेट ऊन जवळपास नाही. वर दोन-अडीच फुटांचा छज्जा. दुरुस्तीला तिथपर्यंत शिडी पोचली पाहिजे, हे ड्रॉइंगमध्येच दाखवा.

आणि काचेचं. दर्शनी काच घेतली की मागे पडदे येतात, मग एसी येतो, मग बिल येतं, मग एसी बंद होतो, आणि ती काच उघडत नसते. मेडेयीनला, कोलंबियात, डोंगरावरच्या गरीब वस्तीत २००७ मध्ये बिब्लिओतेका एस्पान्या बांधली, काळ्या खडकांसारखी, जगभर मासिकांत छापून आली. आठ-दहा वर्षांत बाहेरच्या आवरणाची अशी वाट लागली की बंद करावी लागली. वस्तीचा अभिमान होता तो, आणि वर्षानुवर्षं कुलूप.

खिडकीतली_सीट

काका ते खरंय पण त्या प्रोजेक्टनं त्या वस्तीकडे शहर पहिल्यांदा बघायला लागलं हेही खरंय. देखणेपणा फालतू नसतो. गरीब गावाला साधी खोकी आणि श्रीमंतांना आर्किटेक्चर असं का?

आरसीसी_काका

देखणं करा की, कोण नको म्हणतंय. पण पाच वर्षांनी पण देखणं राहील असं करा. चीनमध्ये तिएंजिनला २०१७ ची लायब्ररी आहे, पांढऱ्या लाटांसारखी शेल्फं छपरापर्यंत गेलेली, आणि वरच्या शेल्फांवरची पुस्तकं म्हणजे पत्र्यावर छापलेलं पुस्तकांचं चित्र. तसलं देखणं नको एवढंच.

कार्ड_कॅटलॉग

चित्रातली पुस्तकं! त्यांना धूळ झटकायला सोपं जात असेल :) 

वऱ्हाडी_ठोकळा

सगळे उजेडावर बोलून राहिले, पैशावर कोणी बोलत नाही. अध्यक्षाचा प्रश्न तसाच आहे.

गाळे काढा पण समोर नका काढू. प्लॉट कॉर्नरचा आहे का? असेल तर बाजूच्या रस्त्यावर तोंड करून गाळे, आणि मुख्य रस्त्याची बाजू पूर्ण वाचनालयाची. भाडं थोडं कमी येईल. हॉल ठेवा पण त्याला वेगळा जिना आणि वेगळं गेट, म्हणजे रात्री लग्नाचा बँड वाजला तरी वाचनालयाला कुलूप लावून मोकळं होता येते. आणि दुपारी हॉल रिकामाच असते ना, तेव्हा तिथंच अभ्यासिका, घडीच्या टेबलांवर. लग्नाच्या तारखा महिना आधी बोर्डावर.

पेठेतला_पाचवा_अटेम्प्ट

लग्नाच्या सीझनला नेमकी पूर्वपरीक्षा असते ओ. घडीचं टेबल पण हलतं. हॉलमध्ये अभ्यासिका म्हणजे आम्हाला परत पाहुणेच केलं. हवं तर आमच्याकडून महिन्याची फी घ्या, पेठेत आम्ही देतोच की, ती पण कमाईच आहे. गाळ्याइतकी नसेल पण दर महिन्याला येते आणि भाडेकरू कोर्टात जात नाही.

नवखा_चिटणीस

हे शेवटचं वाक्य मी मीटिंगमध्ये जसंच्या तसं वापरणार आहे. आमच्या गावात अशा दोन केसेस चालू आहेत.

प्लॉट कॉर्नरचाच आहे, ठोकळाभाऊ. मागे गल्ली आहे, म्हणजे मांडवीकाठ म्हणतात तसं आरपार पण जमेल. मी काल रात्री वहीवर खरडलं ते असं : पुढे जुन्या ओसरीच्या रुंदीचा व्हरांडा, त्यात पेपरची टेबलं आणि भिंतीला ओटा, तिथपर्यंत रॅम्प. आत काउंटर, मुलांचा कोपरा, पुस्तकं सगळी तळमजल्यावर. बाजूच्या रस्त्यावर गाळे, पहिल्यापेक्षा कमी. वर एका भागात अभ्यासिका कायमची, दुसऱ्या भागात हॉल, जिने वेगळे. बेसमेंट गेलं. काच गेली (अध्यक्ष अजून काचेवर अडून आहेत, त्यांच्या मेहुण्यांच्या शोरूमला तशी आहे).

कार्ड_कॅटलॉग

हे बघवतंय. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे जोतं दोन फूट तर रॅम्प चोवीस फूट, ती जागा आत्ताच सोडा, नाहीतर शेवटी घसरगुंडी बांधतात आणि तिच्यावर मोटारसायकली लावतात. आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानकडे अर्ज करा, ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, पन्नास-पंचाहत्तर-शंभर वर्षं झालेल्या ग्रंथालयांसाठी वेगळी योजना असते आणि जागा वाढवण्यासाठीही मदत मिळते. कागदपत्रं किचकट आहेत, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खिडकीतली_सीट

व्हरांडा ठेवल्याबद्दल लाखो धन्यवाद. कॉलम कुठे येतात ते बघा पण, रॅकच्या रांगेत कॉलम मध्येच उभा राहिला की सगळं गणित बोंबलतं.

आरसीसी_काका

रॅकच्या मध्यापासून पुढच्या रॅकच्या मध्यापर्यंत साडेचार फूट धरा, व्हीलचेअरसाठी पाच उत्तम. मग कॉलम त्याच्या पटीत, साडेचारला साडेबावीस फुटांवर, पाचला पंचवीसवर. वर हॉल आहे म्हणजे हॉलमध्ये कॉलम नको म्हणतील, तिथला स्पॅन वेगळा काढावा लागेल, छप्पर हलकं ट्रसचं केलं तर बरं. सॉइल रिपोर्ट आलाय का? माती कुठली?

नवखा_चिटणीस

रिपोर्ट नाही काढला अजून. काळी आहे. शेजारच्या घराला तडे आहेत.

आरसीसी_काका

मग काच-बीच राहू दे बाजूला, आधी टेस्ट पिट मारा आणि मुरूम किती खोल लागतो ते बघा. तोपर्यंत कुठलाही प्लॅन मंजूर करू नका.